वाहत्या नदीत माशाची अंडी कुठवर जातात? अंड्यांच्या प्रवासाचं मॉडेल पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

गवत्या आणि चंदेरा हे मासे महाराष्ट्रातल्या शेततळ्यांत आणि गावतळ्यांत सर्रास सोडले जातात. हे ग्रास कार्प आणि सिल्व्हर कार्प १९५९ मध्ये भारतात आले. अमेरिकेत ग्रास कार्प १९६३ मध्ये आणला गेला. सिल्व्हर आणि बिगहेड कार्प सत्तरच्या दशकात आर्कान्सामधल्या तळ्यांत आले, तिथून निसटून मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरले आणि आज ग्रेट लेक्सच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या पाच मोठ्या सरोवरांच्या, दारात उभे आहेत. सरोवराला मिळणाऱ्या कोणत्या नदीत हे मासे यशस्वीपणे वीण करू शकतील, हे आधी ओळखता आलं तर पकडमोहीम किंवा अडथळा नेमक्या जागी करता येतो. अंड्यांच्या प्रवासाची मॉडेलं, म्हणजे नदी अंडी कुठवर नेईल याचे संगणकावरचे हिशेब, त्यासाठीच करतात.

या माशांची अंडी खोल पाण्याच्या मधल्या थरांत खळबळीच्या आधाराने तरंगत जातात. पाणी संथ झालं की ती तळाशी बसतात आणि गाळात गुदमरतात. नदी जास्त वेगवान किंवा फारच आखूड असेल, तर उबण्याआधीच सरोवरात जाऊन पडतात. म्हणजे प्रश्न दोनच: अंडं उबायला किती तास लागतात, आणि तेवढे तास नदी त्याला उचलून धरते का?

खालच्या पायऱ्या फ्लूएग (FluEgg) या मोफत प्रोग्रामला धरून आहेत. तो इलिनॉय विद्यापीठ आणि अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, म्हणजे यूएसजीएस, यांनी मिळून विकसित केला. त्याची मूळ मांडणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पायथॉनमध्ये स्वतःचं मॉडेल लिहिणाऱ्यांनाही याच पायऱ्या लागू आहेत. उदाहरण म्हणून मनात ओहायोमधली सँडस्की नदी ठेवा. ती फ्रीमाँट शहरावरून पुढे एरी सरोवराच्या खाडीला मिळते, आणि २०१५ मध्ये तिथे ग्रास कार्पची अंडी सापडली. ग्रेट लेक्सच्या खोऱ्यात हा मासा वीण करतो याचा तो पहिला थेट पुरावा होता.

जवळ काय हवं

- विंडोज संगणक, फ्लूएग आणि त्याच्यासोबत सांगितलेला मॅटलॅब रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणारं पूरक सॉफ्टवेअर. रनटाइमची आवृत्ती तंतोतंत तीच लागते. नवीन आवृत्ती टाकली तर प्रोग्राम उघडतच नाही आणि संदेशही धड येत नाही.
- एचईसी-रास (HEC-RAS), म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं नदीप्रवाहाचं मोफत सॉफ्टवेअर.
- नदीचे काटछेद, म्हणजे पात्र आडवं कापल्यावर दिसणारा आकार, तळाच्या मोजणीसह.
- विसर्गाची नोंद. सँडस्कीसाठी फ्रीमाँटजवळचं यूएसजीएसचं केंद्र ०४१९८००० आहे.
- पाण्याच्या तापमानाची ताशी नोंद. हवेचं तापमान चालणार नाही.
- नदी सरोवराला मिळत असेल तर सरोवराच्या पाणीपातळीची नोंद.
- एक्सेल किंवा पायथॉन. फाइल तयार करण्यातच निम्मा वेळ जातो.

१. आधी अंडं ओळखा

ही पायरी बरेच जण गाळतात. मासा आक्रमक आहे म्हणून त्याची अंडी वाहतातच असं नाही. तिलापिया अंडी तोंडात सांभाळतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, ती पाणवनस्पतींना चिकटवतो. आफ्रिकन मांगूरची अंडीही चिकट असतात. उजनीच्या तिलापियासाठी कुणी हे मॉडेल चालवलं तर आलेख सुंदर येतील, पण त्यांना काहीच अर्थ नसेल.

मॉडेल लागू पडतं ते न चिकटणाऱ्या, पाण्यापेक्षा किंचित जड आणि पाणी शोषून फुगणाऱ्या अंड्यांना. ग्रास, सिल्व्हर आणि बिगहेड या तिन्ही कार्पची अंडी अशीच असतात आणि फ्लूएगमध्ये या तिघांचीच मोजलेली माहिती भरलेली आहे. मत्स्यबीज केंद्रातली गोल चायनीज हॅचरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पाणी सतत गोल फिरवायचं कारणच हे, की अंडी तळाला बसू नयेत. रोहू-कटल्यासारख्या दुसऱ्या माशासाठी मॉडेल करायचं असेल तर त्याच्या अंड्याचा व्यास, घनता आणि उबण्याचा वेळ स्वतः मोजा. सिल्व्हर कार्प निवडून काम भागवू नका.

२. नदीचा तुकडा ठरवा

वरचं टोक म्हणजे विणीची संभाव्य जागा. हे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि खळाळत्या, वेगवान पाण्यात अंडी सोडतात. ते बहुधा धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या खाली अडतात. सँडस्कीवर २०१८ पर्यंत फ्रीमाँटचं बॅलव्हिल धरण हीच सीमा होती. ते काढल्यावर वरची नदी माशांना मोकळी झाली, त्यामुळे जुन्या मॉडेलचं वरचं टोक आज चालत नाही. नकाशा कोणत्या सालचा आहे ते पाहा.

खालचं टोक गरजेपेक्षा बरंच पुढे घ्या. ०.६ मीटर प्रति सेकंद वेगाने ३० तासांत अंडं ६५ किलोमीटर जातं. तुमची फाइल ५० किलोमीटरवर संपत असेल तर अंडी शेवटच्या खान्यातून बाहेर पडतील आणि उबण्याच्या वेळी ती कुठे होती हे कळणारच नाही. सँडस्कीसारखी फ्रीमाँटच्या खाली जेमतेम पंचवीस किलोमीटर उरणारी नदी असेल तर अंडी बाहेर पडणं हाच निकाल असतो. पण तो निकाल आहे की फाइल अपुरी पडली आहे, हे तुम्हाला ठामपणे सांगता आलं पाहिजे.

३. नदीचं हायड्रॉलिक मॉडेल

फ्लूएग नदीचा प्रवाह स्वतः काढत नाही. तो तुम्ही द्यायचा असतो. त्यामुळे उत्तराची खरी मदार इथे आहे, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

काटछेद: लिडारवरून (लेझर किरणांच्या मोजणीवरून) केलेले उंचीचे नकाशे पाण्याच्या पृष्ठभागावर थांबतात. त्यांच्यावरून काटछेद कापले तर नदीचा तळ सपाट आणि उथळ येतो, वेग फुगतो आणि अंडी प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पुढे जातात. पाण्याखालचा भाग होडीतून सोनार किंवा एडीसीपीने मोजलेलाच हवा. एडीसीपी म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याचा वेग आणि खोली मोजणारं यंत्र.

खालची सीमा: सरोवराला मिळणाऱ्या नदीत ही सीमा स्थिर पातळी म्हणून देऊ नका. एरी सरोवर उथळ आहे. वाऱ्याने त्याचं पाणी एका टोकाला ढकललं जातं आणि मग तास न् तास हेलकावत राहतं. त्या हेलकाव्याने सँडस्कीच्या खालच्या भागात पाणी तुंबतं. स्थिर प्रवाहाच्या, म्हणजे प्रवाह वेळेनुसार बदलत नाही असं धरणाऱ्या, मॉडेलला याचा पत्ताही लागत नाही. मार्बलहेडसारख्या सरोवरकाठच्या जवळच्या केंद्राची ताशी पातळी घेऊन अस्थिर प्रवाहाचं मॉडेल चालवा. इथे एक बारीक खाच आहे: सरोवराची पातळी आयजीएलडी १९८५ या आधारपातळीवर (उंची जिथून मोजतात त्या शून्यावर) असते आणि जमिनीची उंची एनएव्हीडी ८८ वर. फरक लहान असतो, पण संथ खाडीत थोड्या सेंटिमीटरनेही वेग बदलतो. सगळं एकाच आधारपातळीवर आणा.

कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष मोजणीशी जुळवणं: नुसती पाणीपातळी जुळवून थांबू नका. काटछेद चुकीचा आणि मॅनिंगचा गुणांकही (पात्राच्या खडबडीतपणाचं माप) चुकीचा असला तरी पातळी जुळू शकते. वेग मात्र चुकलेला असतो. अंड्यासाठी वेगच महत्त्वाचा. निदान दोन-तीन विसर्गांना मोजलेला सरासरी वेग मॉडेलच्या वेगाशी ताडा.

आणखी एका मोहापासून सावध राहा. वरच्या केंद्रावर पुराचा माथा सकाळी आणि खालच्यावर संध्याकाळी आला, की अंतराला वेळेने भागून पाण्याचा वेग काढावासा वाटतो. तो पाण्याचा वेग नव्हे, लाटेचा वेग आहे. रुंद पात्रात पुराची लाट पाण्याच्या सरासरी वेगाच्या साधारण ५/३ पट धावते. अंडी लाटेबरोबर जात नाहीत, पाण्याबरोबर जातात.

४. नदीची फाइल

फ्लूएगला नदी खान्यांत विभागून द्यावी लागते. प्रत्येक ओळ म्हणजे एक खाना. रकान्यांचा क्रम प्रोग्रामसोबत येणाऱ्या नमुना फाइलप्रमाणेच ठेवा:

- खान्याचा क्रमांक
- वरच्या टोकापासूनचं एकूण अंतर, किलोमीटरमध्ये
- खोली, मीटरमध्ये
- विसर्ग, घनमीटर प्रति सेकंद
- सरासरी वेग, मीटर प्रति सेकंद
- आडवा आणि उभा वेग (एकमितीय, म्हणजे फक्त नदीच्या लांबीच्या दिशेने हिशेब करणाऱ्या, मॉडेलमधून येत असेल तर शून्य)
- घर्षण वेग, ज्याला यू-स्टार म्हणतात, मीटर प्रति सेकंद
- पाण्याचं तापमान, सेल्सियसमध्ये

एचईसी-रासमध्ये अंतर नदीच्या मुखापासून वर मोजलेलं असतं. इथे ते वरून खाली हवं. उलटा क्रम राहिला तर प्रोग्राम तक्रार न करता नदी उलटी वाहवतो. अमेरिकेतल्या नोंदी फुटांत आणि घनफुटांत असतात: १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर आणि १ घनफूट प्रति सेकंद म्हणजे ०.०२८३ घनमीटर प्रति सेकंद.

यू-स्टार नवख्यांना सर्वांत जास्त अडवतो. तळाच्या घर्षणातून पाण्यात किती खळबळ निर्माण होते, याचं हे माप आहे, आणि अंडं तरंगेल की बसेल हे त्यावरच ठरतं. काढायच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली, एचईसी-रासने दिलेल्या मुख्य पात्राच्या घर्षणताणातून: ताण पास्कलमध्ये घ्या, १००० ने भागा आणि वर्गमूळ काढा. ताण पौंड प्रति चौरस फूट असेल तर आधी ४७.८८ ने गुणा. दुसरी, मॅनिंगवरून: वेग × मॅनिंगचा गुणांक × ३.१३ आणि भागिले खोलीचं सहावं मूळ. खोली २ मीटर, वेग ०.६, गुणांक ०.०३५ असेल तर यू-स्टार ०.०५९ येतो. सर्वसाधारण नद्यांत यू-स्टार वेगाच्या विसाव्या ते आठव्या हिश्शात पडतो. तुमचा आकडा वेगाएवढाच आला तर एककं तपासा.

फाइल पुरी झाली की एक रकाना स्वतःसाठी जोडा: विसर्ग भागिले खोली आणि वेग यांचा गुणाकार. हे उत्तर म्हणजे नदीची रुंदी. विसर्ग १२०, खोली २, वेग ०.६ असेल तर रुंदी १०० मीटर येते. उपग्रह नकाशावर नदी ८० मीटर दिसते आणि रकान्यात ४०० येतंय, याचा अर्थ बहुतेक वेळा असा की विसर्ग पूरमैदानासह घेतला आहे आणि वेग फक्त मुख्य पात्राचा. दोन्ही आकडे मुख्य पात्राचेच घ्या. ही एक तपासणी निम्म्याहून अधिक चुका पकडते, म्हणून ती कधीच टाळू नका.

खाने किती मोठे घ्यायचे? डोह आणि खळाळ वेगळे दिसतील इतके. पाच किलोमीटरचा एक खाना केला तर त्यातला संथ डोह सरासरीत हरवतो आणि अंडी बसण्याची खरी जागा दिसतच नाही. शंभर मीटरचे खाने केले आणि काटछेद मात्र दर दोन किलोमीटरला आहेत, तर तो बारीकपणा खोटा आहे.

५. अंड्याचं घड्याळ: तापमान

वीण साधारणपणे पाणी १७-१८ अंशांच्या वर गेल्यावर, पाणी चढत असताना होते. त्यानंतर उबण्याचा वेळ तापमानावर ठरतो. या तिन्ही माशांत साधारण १२ ते १३.५ अंशांच्या खाली गर्भाची वाढ थांबते असं धरतात आणि त्याच्या वरचे अंश तासांनी गुणून बेरीज करतात.

उदाहरणापुरतं उंबरठा १३ अंश धरा. पाणी २२ अंश असेल तर उपयोगी अंश ९. २५ असेल तर १२. म्हणजे २२ अंशांना ३० तास लागत असतील तर २५ अंशांना साडेबावीस. वेग तोच, ०.६, ठेवला तर प्रवास ६५ किलोमीटरवरून ४९ वर येतो. तीन अंशांत सोळा किलोमीटरचा फरक! पन्नास किलोमीटरच्या नदीत हाच फरक ‘इथे वीण यशस्वी होईल’ आणि ‘होणार नाही’ यांच्यातला असतो. म्हणून महिन्याची सरासरी वापरू नका. त्या पुराच्या त्या तासांचं तापमान घ्या. पावसाच्या पाण्याने नदी पुरात थंड पडते, आणि विसर्ग केंद्रावर तापमानमापक असेलच असं नाही. शक्य असेल तर नदीत स्वतःचे नोंदक टाकून ठेवा, एक वर आणि एक मुखाजवळ. पात्रात वाळूखाली गाडले जाणार नाहीत अशा उंचीवर बांधा.

६. अंड्याचं वजन

अंडं पाण्यात पडल्यावर पहिले काही तास फुगतं, मोठं आणि हलकं होतं. पूर्ण फुगलेलं अंडं साधारण ४ ते ६ मिलिमीटरचं असतं आणि त्याची घनता पाण्यापेक्षा जेमतेम जास्त. सुरुवातीच्या तासांत मात्र ते लहान, जड असतं आणि भरकन बुडतं. विणीच्या जागी खळबळ हवी ती यासाठी. व्यास आणि घनता यांना एकच स्थिर आकडा दिला तर हा सर्वांत धोक्याचा टप्पा मॉडेलमधून निघून जातो. फ्लूएगमध्ये वेळेनुसार बदलणारा पर्याय आहे, तोच निवडा.

घनतेतला फरक किती नाजूक आहे ते पाहा. साडेचार मिलिमीटरचं अंडं पाण्यापेक्षा प्रति घनमीटर १ किलोने जड असेल तर सेकंदाला साधारण अर्धा सेंटिमीटर बुडतं. २ किलोने जड असेल तर ०.८ सेंटिमीटर. आता पाण्याचीच घनता २० अंशांना ९९८.२ आणि २५ अंशांना ९९७.० असते. प्रयोगशाळेत एका तापमानाला मोजलेली अंड्याची घनता दुसऱ्या तापमानाच्या पाण्याशी तशीच वजा केली, तर बुडण्याचा वेगच बदलून बसतो. स्वतःचं मॉडेल लिहिणाऱ्यांनी घनता कोणत्या तापमानाला मोजली होती ते आधी शोधावं.

७. उभं मिसळणं आणि टाइम स्टेप

प्रत्येक टाइम स्टेपला, म्हणजे हिशेबातल्या प्रत्येक छोट्या कालखंडात, अंडं चार कारणांनी हलतं: प्रवाह पुढे नेतो, वजन खाली ओढतं, खळबळ वर-खाली आणि आडवं ढकलते, आणि तळ किंवा पृष्ठभाग त्याला परत फिरवतो. खळबळीचा धक्का यादृच्छिक असतो: दोन × मिसळण्याचा गुणांक × टाइम स्टेप, त्याचं वर्गमूळ, गुणिले प्रमाण वितरणातला एक यादृच्छिक आकडा.

मिसळण्याचा गुणांक तळाशी आणि पृष्ठभागाशी कमी आणि मध्ये जास्त असतो. परवलयाकार मांडणीत तो ०.४१ × यू-स्टार × तळापासूनची उंची × (१ वजा उंची भागिले खोली) असा येतो. गुणांक उंचीप्रमाणे बदलत असताना नुसता यादृच्छिक धक्का दिला, तर अंडी कमी खळबळीच्या थरांत, म्हणजे तळाशी आणि पृष्ठभागाशी, खोटीच गोळा होतात. हे टाळायला गुणांकाचा उतार × टाइम स्टेप एवढी सरकण वेगळी जोडावी लागते आणि गुणांकही त्या सरकलेल्या जागेजवळ मोजावा लागतो. फ्लूएग हे आतून करतो. स्वतः लिहिणारे हे हमखास विसरतात, आणि मग ‘अंडी तळाला बसली’ असा निष्कर्ष काढतात जो नदीचा नसून त्यांच्या कोडचा असतो.

टाइम स्टेपची मर्यादा यातूनच येते: खोली भागिले (०.८२ × यू-स्टार) या वेळेपेक्षा तो बराच कमी हवा. खोली २ मीटर आणि यू-स्टार ०.०५ असेल तर ही मर्यादा ४९ सेकंद येते. तिच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ५ सेकंदांनी, चालवा. सर्वांत उथळ आणि खळाळत्या खान्यावरून मर्यादा काढा, सरासरी खान्यावरून नव्हे. ६० सेकंदांनी रन, म्हणजे मॉडेलची एक फेरी, लवकर संपतो, पण उथळ खळाळात अंडी एका उडीत तळापासून पृष्ठभागापर्यंत जातात.

८. पहिला रन आणि तपासण्या

खरी अंडी सोडण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली: बुडण्याचा वेग शून्य ठेवून कण संपूर्ण खोलीत सारखे पसरून सोडा. तासाभराने ते तसेच सारखे पसरलेले दिसले पाहिजेत. कुठेही गर्दी झाली तर टाइम स्टेप मोठा आहे किंवा सातव्या पायरीतली सरकण चुकली आहे. दुसरी: प्रत्येक खान्यात बुडण्याचा वेग भागिले (०.४१ × यू-स्टार) हा रूझ आकडा काढा. बुडण्याचा वेग ०.०१ मीटर प्रति सेकंद धरला तर वरच्या ०.६ मीटर वेगाच्या खान्यात तो ०.४ येतो, अंडी बऱ्यापैकी सगळीकडे पसरलेली राहतात. त्याच पात्रात वेग ०.१५ पर्यंत उतरला की आकडा १.७ च्या आसपास जातो आणि बहुतेक अंडी तळालगत घसरतात. मॉडेल याच्या विरुद्ध चित्र दाखवत असेल तर मॉडेलवर विश्वास ठेवू नका.

जुन्या लिखाणात ‘०.७ मीटर प्रति सेकंद वेग हवाच’ असा नियम सापडतो. तो आंधळेपणाने वापरू नका. नंतरच्या अभ्यासांत ०.१५ ते ०.२५ मीटर वेगालाही अंडी तरंगत राहू शकतात असं दिसलं आहे, आणि शंभर किलोमीटरपेक्षा आखूड नद्याही त्यामुळे धोक्याच्या यादीत आल्या. वेगाचा एकच उंबरठा नसतो. तळ खडबडीत असेल तर कमी वेगातही खळबळ पुरते.

अंडी किती सोडायची? पाचशे अंड्यांतली २ टक्के म्हणजे दहा अंडी. दहाच्या मोजणीत तीन इकडेतिकडे होणं स्वाभाविक आहे, म्हणजे ३० टक्के अनिश्चितता. पाच हजार सोडली तर ती १० टक्क्यांवर येते. शिवाय प्रत्येक रन वेगवेगळ्या यादृच्छिक बीजाने (यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्या आकड्यावरून सुरू होते तो) निदान पाच वेळा चालवा.

निकाल वाचताना तीन गोष्टी पाहा: उबण्याच्या क्षणी अंड्यांचा ढग कुठून कुठवर पसरला आहे, त्यांतली किती तळाच्या ५ टक्के थरात आहेत, आणि किती सरोवरात पोचली. अंडी पाण्याच्या सरासरी वेगापेक्षा मागे पडलेली दिसली तर घाबरू नका. तळापासून वर वेग कसा वाढतो हे सांगणाऱ्या लॉग नियमाप्रमाणे सरासरी वेग तळापासून खोलीच्या ३७ टक्के उंचीवर असतो. जड अंडी त्याच्या खालीच जास्त वेळ असतात, म्हणून ती मागे राहतात.

फ्लूएग तळाला लागलेलं अंडं मारत नाही. ते परत उचललं जाऊ शकतं. खऱ्या नदीत ते वाळूत गाडलं जाण्याची शक्यता असते. पुलाच्या खांबामागचे भोवरे, काठच्या वनस्पती आणि बंद पडलेल्या फाट्यांत अडकणं हेही एकमितीय मॉडेलमध्ये नाही. त्यामुळे खरा ढग मॉडेलपेक्षा जास्त लांब शेपटीचा असतो.

९. उलटा प्रवास: अंडी कुठून आली?

जाळ्यात अंडी सापडली की प्रश्न उलटा होतो. आधी अंड्याच्या गर्भावस्थेवरून वय काढतात. गर्भ ८ ते १० तासांचा असेल आणि वेग ०.६ असेल तर वीण साधारण १७ ते २२ किलोमीटर वर झाली. फ्लूएगच्या पुढच्या आवृत्त्यांत काळ उलटा चालवण्याची सोय आहे, आणि इलिनॉय नदीवर विणीच्या जागा शोधायला हीच पद्धत वापरली गेली.

पण यादृच्छिक धक्के मागे फिरवता येत नाहीत. उलट्या रनमध्येही ढग पसरतच जातो, आणि जितकं मागे जाल तितका रुंद होतो. त्यामुळे उत्तर ‘हा खडक’ असं न येता ‘हा चार-पाच किलोमीटरचा पट्टा’ असं येतं. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक खळाळापासून पुन्हा सुलट रन करा आणि ठरलेल्या तासाला, ठरलेल्या वयाची अंडी जाळ्याच्या जागी पोचतात का ते पाहा. जो खळाळ यात टिकतो तोच नकाशावर नोंदवा. मधल्या काळात विसर्ग बदलला असेल तर स्थिर प्रवाहाची फाइल इथे अजिबात चालणार नाही.

१०. जाळ्यांशी ताडून पाहा

अंडी पकडायला साधारण ५०० मायक्रॉनच्या जाळीचं बाँगो नेट, म्हणजे शेजारीशेजारी जोडलेली दोन शंकूसारखी जाळी, वापरतात. जाळ्याच्या तोंडाशी प्रवाहमापक हवाच, नाहीतर किती पाणी गाळलं हे कळत नाही आणि संख्येला अर्थ उरत नाही. जाळं फक्त पृष्ठभागावर ओढलं तर जड अंडी निसटतात. मध्यावर आणि तळाजवळही ओढा.

नमुने जपण्यातही पेच आहे. फॉर्मलिनमध्ये गर्भाचा आकार छान टिकतो, पण डीएनए खराब होतो. इथेनॉलमध्ये डीएनए टिकतो, गर्भ आक्रसतो. दोन्ही हवं असेल तर नमुना लगेच विभागा. आकारावरून केलेल्या ओळखीवर कधीच थांबू नका. अप्पर मिसिसिपीतल्या काही नमुन्यांत आक्रमक कार्पची समजलेली अंडी जनुकीय तपासणीत स्थानिक माशांची निघाली आहेत. तशा अंड्यावरून उलटा रन केला तर तो नसलेल्या माशाच्या नसलेल्या विणीची जागा दाखवेल.

११. निकाल देताना

एकच विसर्ग आणि एकच तापमान घेऊन अहवाल लिहू नका. कमी, मध्यम आणि मोठा पूर, आणि प्रत्येकासाठी तीन तापमानं, असे नऊ रन करा. ते एका तक्त्यात मांडून उबणारी, बसणारी आणि सरोवरात जाणारी अंडी टक्क्यांत द्या. मत्स्यखात्याला निर्णय यावरून घ्यायचा असतो: कोणत्या विसर्गाला जाळी टाकायची, माणसं कधी तैनात करायची. नवव्या पायरीतला पट्टा नकाशावर काढताना त्याची रुंदी लपवू नका.

शेवटी नदीची फाइल, काटछेदांचा मोजणीचा दिवस, तापमान नोंदकांची जागा, टाइम स्टेप, यादृच्छिक बीजं आणि फ्लूएगची आवृत्ती एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पूर येऊन गेला की नदीचा तळ बदलतो आणि पुढच्या हंगामात हे काम दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा करावं लागतं.